गार काचेवरचा थेंब

नोव्हेंबर 2022 चा शेवटचा आठवडा. माणदेशात सकाळी चांगलाच गारठा असतो. आटपाडीच्या पुढच्या एका वस्तीवरून अण्णांचा फोन आला, "डाक्टर, वळू बघायला या. लावलेल्या गाई उलटायला लागल्यात."

अण्णांचा खिलार वळू पंचक्रोशीत नावाजलेला. महिन्याभरात लावलेल्या नऊ गाईंपैकी सात एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आल्या होत्या. अण्णांना ते पटतच नव्हतं. "गाय दिसली की दावं तोडतोय, आन् म्हणं वळू गेला!" अशी समजूत सगळीकडे आहे. उडी जोरात मारली की वळू चांगला. रेत, म्हणजे वीर्य, कुणी बघत नाही.

मानेवरून हात फिरवला तर रुपयाएवढे कडक डाग लागले. मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी जमिनीकडे.

"दसऱ्याच्या टायमाला चार दिस तापला हुता. लम्पी हुती. गिऱ्हाईक तुटंल म्हणून बोललो न्हाई."

मला राग आला, आणि तो लपवलाही नाही. लम्पी हा गाई-बैलांचा अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग. त्याचा विषाणू रेतातूनही बाहेर पडू शकतो, आणि हा वळू ताप उतरल्यावर पंधरवड्यात गाईंवर सोडला होता.

टेपने वृषणांचा घेर मोजला, 33 सेंटीमीटर. माप ठीक होतं, पण डावं वृषण हाताला मऊ लागत होतं. निरोगी वृषण दंडाच्या आवळलेल्या बेटकुळीसारखं टणक लागतं. माजावरची एक गाय खोड्यात घातली, कृत्रिम योनीत गरम पाणी भरलं आणि पहिल्याच उडीत रेत मिळालं. घट्ट दुधासारखं असायला हवं, ते ताकाच्या निवळीसारखं पातळ होतं.

सूक्ष्मदर्शक पडवीतच मांडला होता. थेंब काचेवर टाकून बघितलं. सगळं थंडगार. हालचाल नाही, निम्म्या शुक्राणूंच्या शेपट्या वळलेल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, ह्यात काही जीव नाही."

अण्णा मटकन बाजेवर बसले. शेजारचा एकजण लगेच म्हणाला, "सांगोल्याच्या बाजाराला व्यापाऱ्याला इचारू का?"

स्लाइड उचलायला गेलो आणि बोटांना काच गार लागली. बर्फासारखी. पेटी रात्रभर गाडीत होती आणि मी काच कोमट न करताच तिच्यावर रेत टाकलं होतं. गारठ्याचा धक्का बसला की शुक्राणू तिथंच थिजतात, शेपट्या वळतात. पदवीच्या वर्गात पहिल्या तासाला सांगतात ते हे.

"थांबा," म्हटलं. "चूक माझी आहे." वहिनींनी चुलीवर पाणी ठेवलं, हाताला कोमट लागेपर्यंत. स्लाइड, पिपेट, नळी सगळं त्यात. अर्ध्या तासाने वळूने पुन्हा उडी मारली. यावेळी नळी परिचराने काखेत धरली.

चित्र बदललं, पण आनंदाने नाचावं असं नाही. दहातले तीनेक पुढे पोहत होते, बरेच जागेवरच थरथरत होते, काही डोकी शेपटीपासून सुटलेली. निरोगी रेतात कमी शक्तीच्या भिंगातून वावटळीसारखे भोवरे दिसतात. इथे तसं काही नव्हतं.

मग बाजेवर बसून हिशोब सांगितला. वृषण शरीरापेक्षा चार-पाच अंश गार राहावं लागतं, म्हणून ते बाहेर लोंबतं. चार दिवसांच्या तापात ते शिजलं. वळूचा एक शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, वर साठवणनलिकेतून यायला आठ-दहा दिवस. दसऱ्याला तयार होत असलेलं बी आज बाहेर पडतंय.

"मंजी आत्ताचं खाणं आत्ता दिसत न्हाई?"

"नाही. अंडी-तूप घालून उद्या फरक पडणार नाही."

वळूला पूर्ण विश्रांती. एकही गाय नाही, व्यापारीही नाही, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ज्यांच्या गाई लावल्या त्या सगळ्यांना लम्पीचं सांगायचं, ही माझी अट होती. अण्णांनी तीन दिवसांनी सगळ्यांना सांगितलं, त्यातल्या दोघांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

फेब्रुवारीत आधी स्लाइड गरम केली, मगच वळूकडे बघितलं. भोवरे होते. अण्णांना भिंगातून बघायला लावलं. एक डोळा मिटून ते बराच वेळ वाकून उभे होते.

"मुंग्यांगत वळवळत्यात की," म्हणाले. मग हळूच, "आन् ते डावं?"

डावं थोडं बारीकच राहिलं होतं. ते मी त्यांना सांगितलं.