मीटरवर ७६, अन् मावशी घामाघूम

मी परभणीकडं एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, ग्लुकोमीटर दिवसभर हातातच असतो. तरी ती नाईट झाली तेव्हापासून त्याच्या आकड्याकडं मी वेगळ्या नजरेनं बघते.

मावशींचं हिमोग्लोबिन ५.८, रक्ताची बॅग अजून यायची होती, शुगरची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू. पहाटे साडेतीनला सून पळत आली, "सिस्टर, आत्याबाई काहीबी बोलायल्यात." जाऊन बघते तर अंग घामानं चिंब, हात थरथरायलेत. मीटर लावला, ७६. म्हटलं शुगर तर ७० च्या वर आहे, म्हणजे कमी नाही, मग झालं काय, आणि त्या आकड्यापायी माझी पाच मिनिटं बीपी अन् ऑक्सिजन बघण्यात गेली. सरांना फोन केला, त्यांनी आधी विचारलं हिमोग्लोबिन किती आहे, मग म्हणाले लॅबसाठी शिरेतून रक्त काढून ठेव आणि रिपोर्टची वाट न बघता २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी, दे. थोड्याच वेळात मावशी सुनेला ओळखायला लागल्या. लॅबचा रिपोर्ट आला, ५६.

मशीन बिघडलेलं नव्हतं. पट्टी अख्खं रक्त ओढते, त्यात लाल पेशी कमी असल्या की पातळ भाग पट्टीवर लवकर आणि जास्त पोचतो, मग आकडा खऱ्यापेक्षा वर दिसतो. नवजात बाळाचं रक्त घट्ट असतं, तिथं उलटं, आकडा खाली येतो. काही नवीन मीटर हे स्वतःच दुरुस्त करतात, जुने नाही करत. पट्टीच्या डबीसोबतच्या कागदावर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, किती ते किती चालतं हे छापलेलं असतं, आणि तो कागद आम्ही पहिल्याच दिवशी फेकून देतो! २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक निघाल्यात, म्हणजे अशी मावशी आमच्या प्रत्येक वॉर्डात आहे.

तसंही १०० च्या वरच्या शुगरला १५ टक्के इकडंतिकडं आंतरराष्ट्रीय नियमातच चालतं, म्हणजे खरी शुगर २०० असेल तर मीटर १७० दाखवो नाहीतर २३०, तो पासच. पण बीपी पडलेल्या पेशंटच्या गार बोटातून घेतलेल्या थेंबावर इन्सुलिनचा डोस ठरवणं मला आता जमतच नाही, मी शिरेतलंच रक्त पाठवा म्हणून मागं लागते.

आणि मोसंबी! नातेवाईक प्रेमानं सोलून देतात, पेशंटची बोटं चिकट, मीटरवर शुगर तीनशेच्या वर. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं तो रस पूर्ण जात नाही, साबण-पाण्यानं हात धुऊन पुसून परत बघितलं की आकडा कितीतरी खाली येतो. धुतलं नसतं तर विनाकारण इन्सुलिन गेलं असतं.

आमच्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री आणि बऱ्याच पट्ट्या ३० च्या आत ठेवायच्या असतात, त्यामुळं डबी ट्रॉलीवर खिडकीशी दिसली की मी उचलून आत ठेवते, उघडल्याची तारीख मार्करनं टाकते, आणि झाकण उघडं राहिलेलं दिसलं की ज्युनियर पोरींना ओरडते, त्यांना राग आला तरी चालेल.