पाणवठ्यांची नोंदवही: क्रूगर ते ह्वांगे

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात किंवा ताडोब्यात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. तीच पद्धत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील राष्ट्रीय उद्यानांत वापरून पाहावी, गाडी पळवत प्राणी शोधण्यापेक्षा पाण्याजवळ थांबून येणाऱ्यांची वाट पाहावी, असा आमचा प्रकल्प होता. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत क्रूगर (दक्षिण आफ्रिका), कगालागाडी (दक्षिण आफ्रिका-बोट्स्वाना), इटोशा (नामिबिया), चोबे (बोट्स्वाना) आणि ह्वांगे (झिंबाब्वे) अशा क्रमाने तो पार पडला. त्या भागात पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो. कोरडा हंगाम तेथील थंडीत, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, सुरू होतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत तीव्र होतो, म्हणून हे दिवस निवडले. प्रत्येक बैठक किमान दोन तासांची ठेवली. दक्षिण आफ्रिकेत 2007 पासून चालू असलेल्या पक्षी-नकाशा प्रकल्पातही पूर्ण यादीसाठी किमान दोन तासांचीच अट आहे, त्यामुळे आमच्या पक्ष्यांच्या याद्या त्या पद्धतीशी जुळत्या राहिल्या.

नोंदवहीत सुरुवातीला नेहमीचेच रकाने होते: वेळ, प्राणी, संख्या, येण्याची दिशा, वारा आणि कोणी कोणाला पाण्यावरून हटवले. क्रूगरमध्येच एक नवा रकाना वाढवावा लागला, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रवासाचे खरे फलित तोच आहे. त्या रकान्याचे शीर्षक आहे ‘पाणी कोठून आले’.

क्रूगर उद्यान सुमारे 19,500 चौरस किलोमीटरचे आहे. 1898 साली साबी अभयारण्य म्हणून सुरू झालेल्या या क्षेत्राला 1926 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि मातीच्या रस्त्यावर 40 किलोमीटर ही वेगमर्यादा आहे, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेच्या आत कॅम्पच्या फाटकातून आत यावेच लागते, त्यामुळे रात्रीची बैठक येथे जमत नाही. दक्षिण भागात लोअर साबी कॅम्पजवळचे सनसेट डॅम हे जलाशय आम्ही पहिल्या बैठकीसाठी निवडले. तेथे गाडी थेट पाण्याच्या काठाशी उभी करता येते. पाणघोडे, मगरी, पिवळ्या चोचीचे करकोचे आणि पाण्यावर येणारे इंपाला हे सगळे एकाच चौकटीत बसते. छायाचित्रांसाठी ही जागा उत्तम आहे, परंतु नोंदीसाठी ती अपुरी ठरते, कारण बारमाही साबी नदी अगदी लागूनच वाहते आणि प्राण्याला या काठावाचून काही अडत नाही.

खरा धडा उत्तर भागात मिळाला. ओलिफंट्स नदीच्या पलीकडे मोपाने झाडीची सपाट मैदाने लागतात. विसाव्या शतकात तेथे पवनचक्क्या आणि कूपनलिका बसवून पाण्याची सोय करण्यात आली. संपूर्ण उद्यानात अशा कूपनलिका तीनशेहून अधिक होत्या. पाणी मिळू लागल्यावर पूर्वी त्या कोरड्या पट्ट्यात फारसे न टिकणारे झेब्रे आणि विल्डबीस्ट तेथे स्थिरावले, त्यांच्यामागे सिंह आले, गवत खुरटले, आणि उंच गवताच्या आधाराने राहणाऱ्या रोन या मोठ्या हरणाची स्थिती बिकट झाली. 1986 च्या सुमारास साडेचारशेच्या आसपास असलेली रोनची संख्या 1993 पर्यंत पन्नासच्याही खाली आली. त्यानंतर उद्यानाने अनेक कूपनलिका बंद केल्या. आपल्याकडेही उन्हाळ्यात बशीच्या आकाराचे सिमेंटचे पाणवठे बांधून त्यात टँकरने किंवा सौरपंपाने पाणी सोडले जाते. हे काम करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे, तरीही कोणत्या जागी पाणी दिल्याने कोणता प्राणी मागे पडतो हा प्रश्न आपल्या नोंदवह्यांत फार क्वचित विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा असे बंद पडलेल्या एका पवनचक्कीजवळ बसून मला तीव्रतेने वाटले. त्या बैठकीत नोंद झाली ती दोन कोतवालांची आणि एका वॉर्टहॉगची. नवा रकाना त्याच दुपारी आखला.

क्रूगरहून कगालागाडीपर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखे विशेष काही नाही. दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना यांनी 2000 साली आपापली उद्याने जोडून हे सीमापार उद्यान घोषित केले, आणि अशा प्रकारचे ते आफ्रिकेतील पहिले औपचारिक उद्यान होय. येथील औब आणि नोसोब या दोन्ही नद्या बहुधा कोरड्याच असतात. त्यांच्या पात्रातूनच रस्ते जातात आणि पात्राच्या कडेला कॅमलथॉर्न या बाभळीच्या कुळातील झाडांवर एकत्र राहणाऱ्या सुगरणींची गवताच्या गंजीएवढी घरटी लटकलेली दिसतात. औबच्या काठावरील पाणवठ्यांचा उगम मात्र वन्यजीवांशी संबंधित नाही. 1914 साली जर्मनांच्या ताब्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेवर, म्हणजे आजच्या नामिबियावर, चाल करून जाणाऱ्या सैन्याला पाणी मिळावे म्हणून त्या पात्रात ओळीने कूपनलिका खणल्या गेल्या. ‘तेरावी कूपनलिका’, ‘चौदावी कूपनलिका’ अशी काही पाणवठ्यांची नावे आजही त्याच क्रमाने आहेत. युद्धासाठी काढलेल्या पाण्यावर शंभर वर्षांनंतर गेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक ही हरणे उभी आहेत, हे नव्या रकान्यात लिहिताना मी बराच वेळ थांबलो. गेम्सबॉकला त्या पाण्याची फारशी गरजही नसते. त्साम्मा या रानटी कलिंगडासारख्या फळांतून आणि मुळांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो दीर्घकाळ राहू शकतो.

संपूर्ण प्रवासातील सर्वांत समृद्ध बैठका नोसोब कॅम्पच्या उत्तरेला असलेल्या क्युबिट्जे क्वॅप या पाणवठ्यावर झाल्या. सकाळचे ऊन थोडे तापले की नामाक्वा पखुर्ड्या या कबुतराएवढ्या पक्ष्यांचे थवे लांबून आवाज देत येतात. त्या थेट पाण्यावर उतरत नाहीत. आधी वर घिरट्या घालतात, मग काही अंतरावर जमिनीवर बसून परिस्थिती पाहतात, आणि एक पुढे झाली की सगळ्या एकदम काठाकडे धावतात. पाणी पिणे काही सेकंदांत उरकते. नर मात्र पाण्यात पोट टेकवून अंग हलवत थोडा जास्त थांबतो, कारण त्याच्या पोटावरच्या पिसांची रचना पाणी धरून ठेवणारी असते आणि ते पाणी तो कित्येक किलोमीटरवरच्या पिल्लांपर्यंत नेतो. आपल्या माळरानावरील पखुर्डीचा नरही हेच करतो, परंतु माळावर ते इतक्या जवळून आणि इतक्या मोठ्या संख्येने पाहण्याचा योग मला कधी आला नव्हता.

या थव्यांवर दोघांची नजर असते. काळ्या पाठीचा कोल्हा काठाजवळच्या उंचवट्यामागे अंग चोरून बसतो आणि पक्षी उतरण्याच्या क्षणी झेप घेतो. लॅनर ससाणा वरून येतो आणि मुख्यतः होल्यांना लक्ष्य करतो. कोल्ह्याच्या बहुतेक झेपा वाया गेल्या. ससाणा आल्याची पहिली सूचना प्रत्येक वेळी होल्यांनी दिली, पखुर्ड्यांनी नाही, आणि ही गोष्ट बैठकीतल्या टिपणांपेक्षा घरी छायाचित्रे वेळेच्या क्रमाने लावल्यावर अधिक स्पष्ट झाली. छायाचित्रणाविषयी एवढेच सांगतो की येथे शटरचा वेग 1/2500 पेक्षा कमी ठेवून उपयोग नाही. तसेच पक्ष्याचा पाठलाग करण्याऐवजी पाण्याच्या काठावर फोकस स्थिर ठेवून उडण्याच्या क्षणाची वाट पाहिली तर चांगली चित्रे अधिक मिळतात.

कगालागाडीच्या पश्चिम सीमेवरील माता माता कॅम्पमधून नामिबियात जाता येते. त्यासाठी उद्यानात किमान दोन रात्री मुक्काम असावा लागतो आणि दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडण्याचा शिक्का दक्षिणेकडील ट्वी रिव्हिएरन या प्रवेशद्वाराशीच घ्यावा लागतो. बेत आखताना हे ध्यानात ठेवावे.

इटोशा हे 22,000 चौरस किलोमीटरहून मोठे उद्यान असून 1907 साली जर्मन राजवटीत ते राखीव झाले. त्याच्या मध्यभागी सुमारे 4,800 चौरस किलोमीटरचे, कोरड्या तळ्याचे खारे, पांढरे पात्र पसरलेले आहे आणि त्याच्या दक्षिण काठाशी चुनखडकातून झरे फुटतात. ओकाउकेयो कॅम्पमधील पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात आणि ठेंगण्या दगडी भिंतीमागच्या बाकांवर बसून पाहता येते. मचाणाची सवय असलेल्या माणसाला ही जागा लगेच आपली वाटते. काळा गेंडा एकटा राहणारा आणि तापट प्राणी म्हणून ओळखला जातो, परंतु येथे रात्री एकाहून अधिक गेंडे एकत्र येतात, एकमेकांसमोर नाक फेंदारून उभे राहतात, फुरफुरतात आणि नंतर शेजारी-शेजारी पाणी पितात. मादी पिल्लाला घेऊन आली की नर थोडे मागे सरकत असल्याचे आम्ही लिहून ठेवले आहे. हत्तींचा कळप आला की गेंडे आणि सिंह दोघेही काठ सोडतात. जिराफ सर्वांत जास्त वेळ घेतो. पुढचे पाय फाकवून मान खाली नेण्यापूर्वी तो इतका काळ उभा राहून पाहतो की आमच्या वहीत ‘आला’ आणि ‘प्याला’ या दोन वेळा वेगळ्या लिहाव्या लागल्या.

रात्रीच्या चित्रांसाठी फ्लॅश अजिबात वापरू नये. भिंतीवर वाळूची पिशवी ठेवून, 6400 आयएसओ आणि सुमारे 1/30 शटर यांवर पाणी पिणारा गेंडा स्वच्छ येतो, कारण तोंड पाण्याला लागल्यावर तो जवळजवळ स्तब्ध असतो. हलाली कॅम्पमधील मोरिंगा पाणवठ्यावर बसण्याची जागा खडकाळ टेकडीवर आहे. तेथून दृश्य उंचावरून मिळते, पण तेथे मुख्यतः शांतता ऐकण्यासाठी बसावे असे मी सुचवीन.

इटोशाहून ईशान्येला दिवुंडू या गावाजवळ ओकावांगो नदी आडवी येते. अंगोलाच्या उंच प्रदेशात पडलेला पाऊस महिनोन् महिने वाहत येऊन बोट्स्वानाच्या त्रिभुज प्रदेशात ऐन कोरड्या हंगामात पसरतो आणि समुद्राला न मिळता कालाहारीच्या वाळूत संपतो. या त्रिभुज प्रदेशाची 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत एक हजारावे स्थळ म्हणून नोंद झाली. नदीच्या उभ्या काठात किरमिजी राघूंच्या वसाहती नुकत्याच सुरू होत होत्या. रकान्यात ‘दुसऱ्या देशातील गतवर्षीचा पाऊस’ असे लिहिले.

चोबेमध्ये आमची पद्धत चालली नाही. कासानेजवळ नदी इतकी रुंद आणि तिचा काठ इतका लांब आहे की एका जागी थांबून येणाऱ्यांची गणती करण्याला अर्थ उरत नाही. तेथे बैठक सोडून एकच वळण निवडले आणि हत्तींचे कळप काठावर उतरण्याच्या वेळा तेवढ्या टिपल्या. दुपारी तीननंतर वर्दळ वाढते. नदीतील सेदुदू बेटावरून बोट्स्वाना आणि नामिबिया यांच्यात वाद होता आणि 1999 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बेट बोट्स्वानाचे ठरवले. हत्ती सोंड वर धरून तेथे पोहत जातात आणि संध्याकाळी गवत खाऊन परततात. अंगोला, बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांच्या सामाईक संवर्धन क्षेत्रात 2022 च्या हवाई गणनेत सुमारे 2,27,900 हत्ती असल्याचा अंदाज निघाला. चोबेच्या काठावर उभे राहिले की हा आकडा पटतो.

शेवटचा मुक्काम झिंबाब्वेमधील ह्वांगे येथे होता आणि नव्या रकान्याच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा ठरला. उद्यानाचा मोठा भाग कालाहारीच्या वाळूवर आहे. पावसाचे पाणी उथळ तळ्यांत काही महिने टिकते आणि मग आटते. 1928 साली पहिले वॉर्डन म्हणून आलेल्या टेड डेव्हिसन यांनी कूपनलिका खणून तळी भरण्यास सुरुवात केली, आणि आज कोरड्या हंगामात येथील हत्तींचे जीवन बव्हंशी पंपांवर अवलंबून आहे. क्रूगरने पंप बंद करण्याची वाट धरली, पण ह्वांगेला ती वाट सोपी नाही, कारण प्राण्यांच्या कित्येक पिढ्या याच पाण्यावर वाढल्या आहेत. 2019 च्या दुष्काळात झिंबाब्वेमध्ये दोनशेहून अधिक हत्ती मेले आणि त्यांतील बहुतेक ह्वांगेमधील होते. पंप चालू ठेवावेत असेच माझे मत आहे, मात्र नवे पंप बसवताना क्रूगरच्या रोनची हकिगत समोर असावी.

न्यामांडलोवू तळ्याकाठी उंच लाकडी माळा आहे, अगदी आपल्या मचाणासारखा. तेथे हत्ती तळ्यात न उतरता आधी पंपाचे ताजे पाणी जेथे पडते त्या तोंडाशी गर्दी करतात. मोठ्या माद्या ती जागा धरून ठेवतात, तरुण नर बाजूला थांबतात, आणि लहान पिल्ले पायांमधून वाट काढून सोंड पुढे करतात. याच उद्यानात दर वर्षी कोरड्या हंगामाच्या अखेरीस, पौर्णिमेला, स्वयंसेवक पाणवठ्यांवर दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत सलग चोवीस तास बसून गणना करतात. आपल्या बुद्धपौर्णिमेच्या गणनेशी तिचे इतके साम्य आहे की दोन्हींचे तक्ते शेजारी ठेवून पाहण्याची मला उत्सुकता आहे.

सध्या क्युबिट्जे क्वॅपच्या छायाचित्रांतून पखुर्ड्यांच्या संख्या मोजण्याचे काम चालू आहे, आणि इटोशाच्या रात्रीच्या नोंदी तक्त्यात उतरवणे बाकी आहे. पुढील बुद्धपौर्णिमेला मेळघाटात बसताना झरा, सिमेंटचा पाणवठा, सौरपंप आणि टँकर असे चार प्रकार छापलेला कागद वापरणार असून, शक्य झाल्यास एकाच रात्री दोन वेगळ्या प्रकारांच्या पाणवठ्यांवर दोन जोड्या बसवाव्यात असा विचार आहे.