‘खड्डा दिसतोय तिथली दांडी वर करा की!’

‘डिजिटल मिक्सर आहे, 31 बँडचा ईक्वलायझर आहे, फोनवर ग्राफ दिसतोय. मग खड्डा आहे तिथली दांडी वर करा की!’ कोल्हापुरात हॉलचा साऊंड लावायचा आणि हे ऐकायचं नाही, असं होतच नाही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो. ईक्वलायझर म्हणजे आवाजाच्या जाड-बारीक पट्ट्यांपैकी (बँड) हवा तो कमीजास्त करायची सोय, प्रत्येक पट्ट्याला एक सरकती दांडी; ग्राफची रेघ खाली जाते तो खड्डा.

ग्राफ काढणं आणि आवाज बदलणं हे दोन वेगळे हिशेब आहेत. ईक्वलायझर आवाजाचे तुकडे पाडत नाही. मिक्सरमध्ये आवाज सेकंदाला 48,000 आकड्यांच्या रूपात येतो, त्यातला एकेक म्हणजे नमुना. आत्ताचा नमुना, त्याआधीचे दोन आणि स्वतःच नुकतेच बाहेर सोडलेले दोन, या पाचांना ठरावीक आकड्यांनी गुणायचं आणि बेरीज बाहेर सोडायची. एका बँडचं काम एवढंच. दांडी हलवली की ते आकडे बदलतात. भिंत कुठं आहे हे त्याला माहीत नसतं.

फोनवर ग्राफ काढणारा अ‍ॅनलायझर मात्र आधी साठवतो, मग मोजतो. 4096 नमुन्यांचा गठ्ठा भरायला 85 मिलिसेकंद लागतात आणि माप मिळतं दर 11.7 हर्ट्झला (सेकंदाला कंपनं) एक. 63 हर्ट्झचा बँड जेमतेम 15 हर्ट्झ रुंद, तिथं एखाद-दुसरं माप पडतं. 8 किलोहर्ट्झच्या बँडमध्ये दीडशेच्या वर. स्क्रीनवर रेघ दोन्हीकडे सारखीच ठसठशीत. त्यात बऱ्याच फोनचे माइक बोलण्यापुरते, खालचा आवाज आधीच कापणारे.

राजारामपुरीतल्या एका हॉलमधला सत्कार घ्या. संयोजकांपैकी एक जण मागं उभा राहून फोन बघत होता. 100 हर्ट्झला भलाथोरला खड्डा. ‘बेसच न्हाई ओ, वाढवा की!’ दांडी 12 डेसिबल वर गेली. त्याच्या फोनवर रेघ वर आली, गडी खूश. इकडं पुढच्या रांगांत पाहुण्यांचं भाषण रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं झालं. 12 डेसिबल म्हणजे त्या पट्ट्यात अ‍ॅम्पकडं 16 पट पॉवर मागणं, त्यामुळं प्रत्येक भरदार शब्दाला क्लिपचा, म्हणजे अ‍ॅम्पला झेपेना असं सांगणारा, लाल दिवा. पाहुणे माइकजवळ सरकले आणि पोडियमचा माइक जो घुमायला लागला, तो थांबेना. मानपत्र अर्ध्यावर राहिलं. शिव्या अर्थातच साऊंडवाल्याला.

खड्डा होता कुठं? तो माणूस मागच्या भिंतीपासून पावणेतीन फुटांवर उभा होता. आवाज त्याला ओलांडून भिंतीवर आपटून परत आला, म्हणजे साडेपाच फूट जास्त चालला. त्याला लागतात जवळपास 5 मिलिसेकंद, 100 हर्ट्झच्या लाटेचा निम्मा फेरा. सरळ आलेला आणि परतलेला आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. फोन भिंतीला टेकवा, खड्डा गायब. भिंतीपासून साडेपाच फुटांवर या, तिथंच उंचवटा. तो खड्डा फोनच्या जागेचा होता. दांडी मात्र अख्ख्या हॉलची हलली. वाढवलं तर परतणारा आवाजही तेवढाच वाढतो, खाऊन टाकणं तसंच राहतं.

‘मग ईक्वलायझर घेतला कशाला?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांत सारखी ताकद असलेला खरखराट, लावून पाच-सहा जागी मोजा, सरासरी काढा आणि सगळीकडं सारखा दिसतो तो उंचवटा 3 ते 6 डेसिबल छाटा. भाषणाच्या माइकला 100 हर्ट्झच्या खाली कट. स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून वाजते त्या शिट्टीसाठी आवाज हळूहळू वाढवत न्या, पहिली वाजेल ती फ्रीक्वेन्सी पकडा, क्यू (काप किती अरुंद तो आकडा) 8-10 ठेवून अरुंद काप द्या. असे तीन-चार काप पुरे. पाचवा लागत असेल तर बहुधा साऊंडचा स्पीकर पोडियमच्या मागून थेट माइकमध्ये आवाज ओततोय, तो आधी हलवा.

‘स्क्रीन बंद करा, कान लावा’ असं मी पूर्वी ठासून सांगायचो. आता तेवढं ठासून सांगवत नाही. शिट्टीची फ्रीक्वेन्सी अ‍ॅनलायझर भल्याभल्या कानांच्या आधी दाखवतो. आणि सहाही जागी सारखाच खड्डा निघाला तर? भरायचा की नाही, माझं अजून ठरत नाही. 2-3 डेसिबल देऊन बघतो, पुष्कळदा काढूनही टाकतो.