कोब्राचं पेट्रोलचं झाकण एकदाचं पक्कं बसलं

गाडी बांधायला घेऊन चौथं वर्ष चालू होतं, इंजिन झालं, गिअरबॉक्स झाला, वायरिंग झालं आणि मी अडकलो कशात तर पेट्रोलच्या झाकणात. कोणी अशी गाडी बांधत असेल तर त्याचे दोन महिने वाचतील म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता बरीच वर्षं इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आहे. घराच्या गॅरेजमध्ये एसी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची रेप्लिका बांधतोय, म्हणजे चासी आणि फायबरची बॉडी किटमध्ये आलेली आणि इंजिन जुन्या रोव्हरचं ३.९ लिटरचं व्ही-८. मूळ कोब्रा १९६२ ची, थेम्स डिटनच्या एसी कंपनीची हलकी बॉडी आणि त्यात कॅरोल शेल्बीनं बसवलेलं फोर्डचं व्ही-८ इंजिन. त्या काळात जेमतेम हजारभर गाड्या झाल्या, आज त्यांची किंमत आपल्यासारख्याच्या आवाक्यातली नाही, म्हणून रेप्लिका. या गाडीच्या मागच्या उजव्या मडगार्डवर ते मोठं गोल चकचकीत झाकण असतं, खटका दाबला की टक्कन उघडणारं, रेसमध्ये पिटला आल्यावर पेट्रोल पटकन भरता यावं म्हणून अशी झाकणं वापरायचे. मला लहानपणापासून या गाडीचं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते झाकण.

गाडीला अजून नंबर नव्हता त्यामुळे रस्त्यावर काढता येत नव्हती, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पक्क्या आवारात चालवून बघितली. डावीकडे लांब वळण घेतलं की टाकीतलं पेट्रोल उजवीकडे ढकललं जातं आणि झाकण नेमकं उजवीकडे. उतरून बघतो तर मडगार्डवरून ओघळ आलेला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये इतका वास की बायको म्हणाली आधी हे बघ, बाकी सगळं नंतर. तिचं बरोबरच होतं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीवर साचून राहते आणि आमचा गॅसचा बॉयलर त्याच गॅरेजमध्ये आहे. झाकण होईपर्यंत गाडी बाहेर उभी केली.

पहिल्यांदा मी जे केलं ते कोणीही करेल, म्हणजे झाकणाच्या रिंगचे सहाही स्क्रू आवळले. दोन दिवसांनी परत सैल. परत आवळले, परत सैल आणि आता एका स्क्रूजवळ जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत थराला) केसासारखी चीर दिसायला लागली. त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांचं सगळं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलं, अजूनही रोज वर्कशॉपला जातात. त्यांनी मोबाईल झाकणाच्या आतल्या बाजूला धरायला लावला आणि म्हणाले, "अरे फायबर दबतंय ते, स्क्रू काय करणार? आणि मडगार्डाला गोलाई आहे, तुझी रिंग सपाट. आवळलंस की रिंगच वाकडी होतीय बघ. एक कागद घे, झाकणात धरून बंद कर आणि ओढ."

कागदाची पट्टी ठेवून झाकण बंद केलं आणि ओढली. खटक्याच्या बाजूला पट्टी घट्ट, बिजागरीच्या बाजूला अलगद बाहेर. म्हणजे रबराच्या पॅकिंगमध्ये दोष नव्हताच, खालची रिंगच पिळलेली होती आणि मी स्क्रू आवळून तिला अजून पिळत होतो!

मग ठरलं की फायबरच्या आतून दुसरी जाड रिंग लावायची म्हणजे ताण सहा ठिपक्यांवर न येता सगळीकडे सारखा पसरेल. मी व्हर्नियरनं मापं घेतली, पुठ्ठ्याचा नमुना कापून फोटो पाठवला, बाबांनी ५ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची रिंग लेथवर काढली, ५ मिमीच्या (एम-५) स्क्रूंसाठी सहा भोकांत टॅपनं आटे पाडले आणि इकडे येणाऱ्या मावसभावाच्या बॅगेतून पाठवली. भोकं इतकी तंतोतंत जुळली की कानस हातात घ्यावी लागली नाही.

ती बसवण्याआधी टाकी रिकामी केली (उघड्यावर), बॅटरी काढली, आणि टाकी रिकामी झाली म्हणून लगेच ड्रिल चालवलं नाही. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. टाकीची नळी बुच मारून बंद केली, दिवसभर दारं उघडी ठेवली, मगच कामाला लागलो. डिकीतलं पॅनल काढून हात जेमतेम आत जातो. रेझिन चिकटू नये म्हणून रिंगला मेण चोळलं, गोलाईमुळे राहणाऱ्या फटीत रेझिन आणि फायबर मॅट भरली आणि वरची-खालची रिंग हलक्या हातानं जुळवून एक रात्र सुकू दिली. सकाळी फायबरला दोन्ही बाजूंनी सपाट बैठक तयार. मग स्क्रू घातले, फार आवळायची गरजच पडली नाही.

झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा रबरी होज काढलाच होता तर तो बोटानं दाबून बघितला, आतून मऊ पडलेला. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० आहे, त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि ते साध्या रबराला खातं. आतून व्हिटॉन (इथेनॉलला टिकणारं रबर) असलेला दोन इंची होज घेतला, दोन्ही टोकांना दोन-दोन जुबली क्लिप, म्हणजे स्क्रूनं आवळायच्या पट्ट्या. हे करताना लक्षात आलं की होज रबराचा, बॉडी फायबरची, म्हणजे झाकणाखालचा धातूचा गळा विजेच्या दृष्टीनं सगळीकडून तुटलेला आणि भरताना पंपाच्या नोझलमधून स्टॅटिक चार्ज आला तर त्याला जायला वाटच नाही! गळ्याच्या एका स्क्रूखाली वायसरबरोबर अर्थिंगची वायर लावून चासीला जोडली आणि मल्टिमीटरनं तपासली. हे कृपा करून विसरू नका, झाकण कितीही छान बसलं तरी.

तरीसुद्धा नुसत्या वरच्या झाकणावर माझा विश्वास बसेना, त्याला कुलूप पण नाही. म्हणून आत चावीचं, आट्यांचं दुसरं झाकण टाकलं. वरचं बंद होईल का हे बघायला मुलीची खेळायची माती आतल्या झाकणावर थापली, वरचं बंद करून उघडलं आणि मातीची जाडी मोजली, ६ मिमी जागा शिल्लक. आतलं झाकण स्टीलच्या बारीक दोरीनं गळ्याला बांधलं कारण इथे अशा घरी बांधलेल्या गाड्यांची नंबर मिळण्याआधी आयव्हीए नावाची टेस्ट असते आणि झाकण हरवून पेट्रोल सांडू नये याची सोय त्यात बघतात. गळ्याचं तोंड पण असं पाहिजे की २३.६ मिमी किंवा त्याहून जाड नोझल आत जाताच कामा नये, ही अट शिशाचं पेट्रोल जाड नोझलनं मिळायचं तेव्हापासूनची. बाहेरच्या खटक्याची कड मी २.५ मिमी गोलाईपर्यंत घासली, कारण टेस्टमध्ये १०० मिमीचा गोळा बॉडीवर बाहेरून जिथे टेकतो तिथे धारदार काही चालत नाही.

आणि एक, झाकण हवाबंद झालं की टाकीला श्वास घ्यायला दुसरी वाट पाहिजे, नाहीतर आत व्हॅक्युम होऊन पंप उपाशी राहतो. ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी, नळी टाकीच्या वरून वळसा देऊन नेली आणि तिला रोलओव्हर व्हॉल्व्ह लावला, गाडी उलटली तर तो बंद होतो.

टेस्टच्या दिवशी त्या माणसानं झाकण दोन-तीनदा उघडलं-मिटलं, दोरी ओढली, खटक्यावरून बोट फिरवलं आणि पुढच्या चाकाकडे गेला. माझा तेवढा वेळ श्वास अडकला होता.

संध्याकाळी बाबांना फोन केला, पास झालो म्हणून सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "कागद ओढून बघितलास काय?" बघितला होता, सहाही स्क्रूंजवळ. कुठूनच निघाला नाही, दोन ठिकाणी तर फाटला.