दोन गुणिले तीन, ५.९९९

दुपारी जेवून मोबाईल साफ करत पडले होते, तर आत्याने फॅमिली ग्रुपवर आजीचा फोटो पुन्हा टाकलेला. कोणीतरी सेव्ह करतं, पुन्हा पाठवतं, असं किती वर्षं चाललंय देव जाणे. झूम केला तर गालावर चौकोनच चौकोन, बाथरूमच्या टाइल्ससारखे.

हे जेपेगचे चौकोन, म्हणजे फोटो दाबून लहान फाइलमध्ये बसवायच्या पद्धतीचे, ८ बाय ८ चे. ६४ ठिपक्यांचा एकेक तुकडा घ्यायचा आणि त्याचं कोसाइन ट्रान्सफॉर्म करायचं. मूळचे बंगळूरचे नासिर अहमद यांना १९७२ मध्ये अमेरिकेत ह्याच कल्पनेसाठी अनुदान नाकारलं होतं, १९७४ मध्ये दोघांना बरोबर घेऊन त्यांनी ती छापलीच. ६४ आकडे आत, ६४च बाहेर, फक्त आता ते कुठला ठिपका किती उजळ हे सांगत नाहीत, उजेड किती भरभर बदलतोय ते सांगतात.

मला मात्र ट्रान्सफॉर्म म्हटलं की बारावीचं लॉग टेबलच आठवतं. गुणाकार नको ना, मग लॉगच्या गावाला जा, तिथे नुसती बेरीज, आणि अँटिलॉग बघून घरी या. मी परत यायचंच विसरायचे, लॉगमधल्याच उत्तराला ऐटीत चौकट करायचे. दादा म्हणायचा, "गावाला गेलीस ती तिकडचीच झालीस!"

एकदा मुद्दाम २ गुणिले ३ करून बघितलं. ०.३०१० अधिक ०.४७७१, झाले ०.७७८१, आणि अँटिलॉग आला ५.९९९. दादा म्हणाला, चार आकड्यांवर छाटलंय, मग थोडं सांडणारच की. मला आपलं ते सांडलेलं कुठे गेलं असेल हेच कितीतरी दिवस.

फोटोतही तसंच. कोसाइन बिचारं सरळ आहे, उलटं फिरवलं की गेलेलं सगळं परत देतं. गडबड मधल्यामधे, तिथे आकडे भागून राउंड करतात, त्यात बारीकसारीक बदलांचे आकडे थेट शून्य. आणि बारीकसारीक म्हणजे काय, तर आजीच्या हनुवटीवरचं गोंदण. लहानपणी मांडीवर झोपून मी ते बोटाने पुसायला बघायचे, जायचं नाही. माझ्या मोबाईलमधल्या आजीला ते नाहीये.

आत्याला मेसेज केला, मूळ फोटो आहे का गं तुझ्याकडे?

म्हणाली, अगं, हाच तर मूळ.