काटेरी टाक्याचा धागा घडवताना : माझा अनुभव

काटेरी सूचर म्हणजे जखम शिवायचा असा धागा, ज्याच्या अंगाला तिरक्या चिरा देऊन बारीक काटे काढलेले असतात; ते ऊतीत अडकतात, म्हणून गाठ लागत नाही. तो घडवायला घेतलं की सगळ्यांची नजर काट्याच्या टोकावर असते: किती धारदार आहे, किती बाहेर आलंय. माझा बहुतेक वेळ मात्र काट्याच्या बुडाशी गेला. धागा तुटतो तो बुडापाशी, काटा उलटतो तोही बुडातूनच. टोक थोडं बोथट असलं तरी ऊतीत अडकतं. बूड कमजोर असेल तर बाकी काही कामाचं नाही.

कल्पना जुनी आहे. अल्कामो यांचं अमेरिकी पेटंट १९६४ चं, मॅकेंझी यांनी कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) जोडण्यासाठी काटेरी धागा मांडला तो १९६७ मध्ये. अमेरिकेत अशा धाग्याला मान्यता मिळायला २००४ उजाडलं. मधली वर्षं कशात गेली असतील, याचा अंदाज पहिला धागा चिरायला घेतल्यावर येतो.

विणलेला धागा इथे चालत नाही. चिरलं की त्याचे तंतूच तुटतात, काटा बनत नाही. मी एकेरी तंतूचा पॉलिडायॉक्सॅनोन (शरीरात विरघळणारं पॉलिमर) घेतला, व्यास ०.३२ मिमी, म्हणजे २-० मापात (०.३० ते ०.३३९ मिमी) बसणारा. यात धाग्याला काटकोनात मोजून ०.०६ मिमी खोल चीर दिली, तर त्या जागचं छेदक्षेत्र सुमारे १३ टक्क्यांनी घटतं. ०.१० मिमी खोल गेलं की घट जवळजवळ २७ टक्के. खोली पावणेदोन पटही झाली नाही आणि नुकसान दुप्पट. समोरासमोर दोन काटे एकाच जागी आले, तर ०.०६ मिमीलाच २६ टक्के जातात. प्रत्यक्षात ताकद याहून जास्त घटते, कारण चिरेच्या तळाशी ताण एकवटतो आणि उरलेला गाभा मधोमध राहत नाही. म्हणून २-० धाग्यावर काटे काढले की त्याच्याकडून ३-० ची, म्हणजे एक माप बारीक धाग्याची ताकद धरून चालावं.

इथे तुलना कशाशी करायची हेही ठरवावं लागतं. अमेरिकी मानकातली ओढचाचणी गाठ मारूनच घेतात: विरघळणाऱ्या कृत्रिम धाग्याला ३-० मापात सरासरी किमान १.७७ किलोग्रॅम-बल लागतं, २-० मापात २.६८. काटेरी धाग्याला गाठ नसतेच, तो सरळ ओढून तपासायचा. तेव्हा त्याची सरळ ओढ साध्या धाग्याच्या गाठीच्या ओढीशी ताडावी. साध्या धाग्याच्या सरळ ओढीशी ताडली तर काटेरी धागा उगाच दुबळा ठरतो.

खोलीनंतर कोन. पातं धाग्याशी ३० अंशांत धरलं, तर ०.०६ मिमी खोलीची चीर लांबीत ०.१० मिमी जाते. १० अंशांत धरलं तर ०.३४ मिमी. पहिला काटा आखूड आणि ताठ, दुसरा लांब आणि लवचीक. कंडरेसारख्या घट्ट ऊतीत ताठ काटा टिकतो, लांब काटा बुडातून दुमडतो. त्वचा आणि चरबी सैल असते. तिथे आखूड काट्याच्या तावडीत पुरेसे तंतूच येत नाहीत, लांब काटा हवा. एकाच कोनाचा धागा सगळीकडे चालवण्याचा आग्रह मला पटत नाही. दोन कोनांची चीर हा चांगला तोडगा आहे: आधी तीव्र कोनात आत शिरायचं, मग पातं जवळजवळ धाग्याला समांतर न्यायचं. काटा लांब मिळतो आणि गाभा वाचतो.

काटे धाग्याभोवती फिरते हवेत. त्यासाठी धागा आधी पिळायचा, खाचेत धरायचा, पात्यांच्या रांगेनं सरळ रेषेत चिरा द्यायच्या आणि मग पीळ सोडायचा. काटे आपोआप मळसूत्री वळणात बसतात. दोन काट्यांत ०.८ मिमी अंतर आणि १२० अंशांचा फेर हवा असेल, तर १५० मिमी लांबीला सुमारे ६२ वेढे लागतात. पण नेमके १२० अंश घेतले की काटे तीनच रांगांत येतात आणि मधल्या बाजू मोकळ्या राहतात. मी १३० अंश घेतले, म्हणजे ६८ च्या आसपास वेढे. पिळताना धागा आखडतो, म्हणून एक चिमटा हलक्या ताणावर सरकता ठेवावा. दोन्ही टोकं पक्की बांधली तर ताण वाढतो आणि चिरेची खोली बदलते. पिळलेला धागा तसाच ठेवून जेवायला जाऊ नये. पीळ मुरतो आणि धागा हातात कुरळा येतो.

चिरताना सगळ्यात त्रास देते ती धाग्याची घडणच. ओढून ताकदवान केलेल्या धाग्यात रेणूंच्या साखळ्या लांबीच्या दिशेला लागलेल्या असतात, त्यामुळे पातं थांबलं तरी भेग पुढे धावू पाहते. पात्याची धार गेली की हे हमखास होतं: चीर कापली न जाता फाटते, बुडाशी केसाळ तंतू दिसतात, आणि ओढ आली की काटा सालीसारखा सोलून निघतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली मी आधी बूड पाहतो, मग खोली मोजतो, टोक शेवटी.

धरून ठेवण्याची चाचणी डुकराच्या ताज्या त्वचेत घेतली. किती जोर लागला, या आकड्याइतकंच धागा कसा सुटला हेही लिहून ठेवावं. काटे मागे दुमडले असतील तर बूड लवचीक आहे. तुटले असतील तर चीर फाटली आहे किंवा कोन फार तीव्र आहे. आणि काटे शाबूत असून ऊतच फाटली असेल, तर धाग्यात सुधारण्यासारखं फारसं उरलेलं नाही. चौथं कारण सुईचं. सुई धाग्यापेक्षा बरीच जाड असली की तिनं पाडलेल्या भोकात काटे पोकळीतच राहतात. धागा निर्दोष असूनही सुटतो आणि दोष काट्यांवर येतो.

निर्जंतुकीकरण इथिलीन ऑक्साइड वायूनं केलं; गॅमा किरणांनी पॉलिडायॉक्सॅनोनच्या साखळ्या तुटतात. वायूच्या प्रक्रियेत ऊब आणि दमटपणा दोन्ही असतात, आणि हा धागा पाण्यानंच विरघळणारा, म्हणून नंतर नीट वाळवून फॉइलच्या पाकिटात बंद करायचा. पाकिटातली मांडणी मोठ्या वळणाची हवी. घट्ट गुंडाळला तर आतल्या बाजूचे काटे दबून बसतात आणि धाग्याला वळणाची सवय लागते.

वापरणाऱ्या शल्यविशारदासाठी काही गोष्टी डिझाइनमधूनच येतात. एकदिशा धाग्याच्या (सगळे काटे एकाच दिशेला) टोकाला फासा असतो, पहिला टाका त्यातून ओवून धागा अडकवायचा. द्विदिशा धाग्यात मधोमध काटे दिशा बदलतात, तिथून दोन्ही बाजूंना शिवत जायचं. प्रत्येक टाका घेतानाच हवा तेवढा ताण द्यावा, कारण जास्त ओढलेला धागा मागे येत नाही. काटेरी भाग नीडल होल्डरमध्ये (सुई धरायच्या चिमट्यात) धरला की तेवढे काटे चिरडले जातात. गॉजचे तंतूही काट्यांत अडकतात. शेवटी गाठीऐवजी एकदोन टाके उलट दिशेला घेऊन धागा ऊतीलगत कापायचा. पोटात लांब शेपूट सोडलं तर त्याच्या काट्यांत आतड्याचा वेढा अडकू शकतो. अशा अडथळ्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. टाका काढायची वेळ आलीच तर उलटा ओढायचा नाही: जागोजागी कापून प्रत्येक तुकडा ज्या दिशेनं आत गेला त्याच दिशेनं पुढे काढायचा.