बाईंची इस्त्री

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला तेव्हा मी एका कूलरची घास (पाण्याने भिजणारी जाळी) बदलत होतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझं कूलर, फ्रिज, एसी दुरुस्तीचं दुकान आहे. वर्गातले डॉक्टर-इंजिनिअर यशाबद्दल लिहितीलच. मी पडलो त्याबद्दल लिहितो.

नववीत होतो. १५ ऑगस्ट. पाहुण्यांना उशीर झालेला आणि पीटीच्या सरांनी 'सावधान' म्हटलं ते 'विश्राम' म्हणायचं विसरलेच. रात्रभर पाऊस होऊन वर चरचरीत ऊन, सदरा पाठीला चिकटलेला. आधी कानात घूं झालं, मग समोरचा किल्ला पिवळा पडला, मग एकदम ओल्या मातीचा वास. "गश आ गया इसको!" कुणीतरी ओरडलं. चार पोरं मला काखेत धरून खुर्चीवर बसवायला निघाली, तेवढ्यात जीवशास्त्राच्या बाई धावत आल्या. "अरे बसवू नका, आडवा करा त्याला! पाय वर!" माझ्या टाचा बँडच्या ढोलावर ठेवल्या गेल्या. मिनिटभरात मी ठीक. लाज मात्र आठवडाभर पुरली.

कारण दुसऱ्या दिवशी धडा मीच होतो. ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, बाई सांगत होत्या. मानेतल्या मोठ्या धमनीत दाब जोखणारे मज्जातंतू असतात. दाब उतरला की ते मेंदूच्या खालच्या टोकाला कळवतात, आणि तिथून हुकूम सुटतो: हृदय जोरात चालव, वाहिन्या आवळ. काही सेकंदांचं काम, आपल्याला पत्ताही लागत नाही. कधी मात्र उलटंच होतं. व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते, वाहिन्याही सैल पडतात, डोक्याला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. आडवा झाला की रक्त आपोआप डोक्याकडे येतं. "म्हणजे पडणं हाच पहिला इलाज. आणि तुम्ही त्याला बसवत होतात!"

मग त्यांनी पिशवीतून घरची इस्त्री काढली. लावली. दिवा लागला, थोड्या वेळाने टक् करून विझला, पुन्हा लागला. आत दोन धातूंची पट्टी. तापली की वाकून वीज तोडते, निवली की जोडते. शरीरात ही राखण मेंदूच्या तळाशी बदामाएवढा हायपोथॅलॅमस करतो. रक्त ३७ अंशांच्या फार वर जाऊ लागलं की कातडीतल्या वाहिन्या रुंदावतो, घाम सोडतो. खाली उतरलं की त्याच वाहिन्या आकसतो, स्नायूंना कुडकुडायला लावतो. मे महिन्यात ४५ आणि जानेवारीत ३-४ अंश बघणाऱ्या ग्वाल्हेरच्या पोरांना हे वेगळं पटवावं लागलं नाही.

"मग ताप का येतो?" मागून कुणीतरी विचारलं. बाईंनी इस्त्रीची चकती 'रेशमी'वरून 'सुती'वर फिरवली. दिवा लगेच लागला. "बिघाड नाही, चकती फिरलीय. अंग तापलेलं, तरी मेंदूला वाटतं अजून कमीच आहे. म्हणून गोधडी मागता. गोळी घेतली की चकती मागे येते, मग घाम."

आज मेकॅनिक म्हणून सांगतो, इस्त्रीच्या उदाहरणात एक भोक होतं. ती फक्त तापणं थांबवू शकते. स्वतःला गार करायची सोय तिच्यात नाही. शरीर दोन्ही करतं. तेव्हा बोलायची हिंमत नव्हती.

वॉल्टर कॅनन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२६ साली या व्यवस्थेला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. बाई 'समस्थिती' म्हणत. पुढे आम्ही बाईंनाच समस्थिती म्हणू लागलो, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

दर ऑगस्टमध्ये कूलरचं गिऱ्हाईक भांडतं, "मे में तो ठंडा कर रहा था!" मी सांगतो, हवाच ओली असेल तर पाणी उडणार कुठे? घामाचंही तेच, म्हणून त्या दिवशी सदरा भिजला पण अंग निवलं नाही.

बाईंनी त्या तासाच्या शेवटी एक युक्ती दिली होती: उभं राहावंच लागलं तर बुटात बोटं हलवायची, पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या, रक्त वर ढकललं जातं. महोत्सवाच्या उद्घाटनाला पाहुण्यांना उशीर झाला, तर शेवटच्या रांगेत बूट वळवळताना दिसतील. ते माझे.